लॅपटॉपची मेमरी : वेग किती घ्यावा?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

संगणकाच्या दुकानात ‘वेग’ हा शब्द जितक्या वेळा उच्चारला जातो, तितका दुसरा कोणताही शब्द उच्चारला जात नसेल. प्रोसेसरचा वेग, डिस्कचा वेग, इंटरनेटचा वेग आणि आता मेमरीचाही वेग. लॅपटॉप मंद चालतो म्हणून मेमरी, म्हणजेच रॅम, वाढवायला गेलेल्या विद्यार्थ्यापुढे दुकानदार दोन-तीन पट्ट्या ठेवतो. एकीवर २४०० असा आकडा असतो, दुसरीवर २६६६ आणि तिसरीवर ३२००. मग तो सहजपणे म्हणतो, “मोठ्या आकड्याची घ्या, मशीन पळेल.” ह्या विधानात तथ्य किती आणि विक्रीकौशल्य किती, हे तपासून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विज्ञान शाखेच्या वाचकांना ह्यातील काही भाग बाळबोध वाटण्याचा संभव आहे. त्यांनी तो खुशाल सोडून द्यावा. हा लेख मुख्यतः माझ्यासारख्यांसाठी आहे. ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारे ते पहिलेच आहेत, ज्यांचा लॅपटॉप आधी कोणीतरी वापरलेला आहे, आणि ज्यांना दुकानात काय विचारावे हे सांगणारे घरी कोणी नाही. ‘कमवा व शिका’ योजनेत मी ग्रंथालयाच्या संगणक विभागात काम करते. तेथे वर्गमित्रांचे लॅपटॉप उघडण्याचे प्रसंग पुष्कळ आले. त्यांतून जे समजले आणि त्याच्या आधारे जे वाचले, ते येथे मांडत आहे.

प्रथम मेमरी म्हणजे काय ते पाहू. आज आपण वापरतो त्या मेमरीची कल्पना आयबीएम कंपनीतील संशोधक रॉबर्ट डेनार्ड ह्यांना १९६६ साली सुचली आणि १९६८ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. कल्पना विलक्षण साधी होती. एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा अत्यल्प भार साठवणारा एक कपॅसिटर, एवढ्यावर एक बिट साठवायचा. भार असेल तर एक, नसेल तर शून्य. दोष एवढाच की हा भार गळत राहतो. फुटक्या घागरीत पुन्हा पुन्हा पाणी ओतावे, तसा तो भरत राहावा लागतो. सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ एकदा तरी वाचून पुन्हा भरली जाते. वीज गेली की सारे विसरले जाते ते ह्याच कारणाने. इंटेल कंपनीने १९७० साली विक्रीस आणलेल्या ११०३ ह्या चिपमध्ये १,०२४ बिट मावत असत. आजच्या ८ जीबीच्या एका पट्टीत सुमारे ६,८७१ कोटी बिट मावतात. डेनार्ड २०२४ साली वारले. त्यांचे नाव आपल्या अभ्यासक्रमात कोठेच येत नाही, ही गोष्ट मला खटकते. कारण हा लेख ज्या यंत्रावर टंकलिखित झाला त्यातील प्रत्येक अक्षर त्यांच्या घागरीत भरून ठेवलेले होते.

आता पट्टीवरील आकड्याकडे वळू. २४०० ह्याचा अर्थ असा की एका सेकंदात २४०० दशलक्ष, म्हणजे २४० कोटी वेळा माहितीची ने-आण होते. प्रत्येक खेपेस ६४ बिट, म्हणजे ८ बाइट माल वाहून नेला जातो. गुणाकार केला की सेकंदाला १९,२०० मेगाबाइट हा आकडा येतो. म्हणूनच काही पट्ट्यांवर २४०० न लिहिता पीसी४-१९२०० असे लिहिलेले असते. वस्तू तीच, लेबल निराळे. त्याच हिशेबाने ३२०० ची पट्टी म्हणजे पीसी४-२५६००.

येथे एक गोंधळ हमखास होतो. ‘डीडीआर’ ह्या नावातच दुप्पट असा अर्थ आहे. घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा, ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा, माहिती पाठवली जाते. म्हणजे २४०० च्या पट्टीचे प्रत्यक्ष घड्याळ १२०० मेगाहर्ट्झचेच असते. आमच्या वर्गातील एकाने सीपीयू-झेड नावाचा प्रोग्रॅम चालवून पाहिला आणि त्यात १२०० च्या आसपास आकडा पाहून तो दुकानदाराशी भांडायला निघाला होता. त्याला अर्ध्या वाटेतून परत आणावे लागले.

आता मुख्य प्रश्न. ३२०० हा आकडा २४०० पेक्षा एक तृतीयांशाने मोठा आहे. मग काम एक तृतीयांशाने लवकर होते काय? नाही. कारण मेमरीचे काम दोन भागांत पडते. पहिला भाग वाट पाहण्याचा, दुसरा माल वाहण्याचा. आपल्या ग्रंथालयाचेच उदाहरण घ्या. आपण चिठ्ठी दिली की शिपाईमामा आत जातात, कपाट शोधतात आणि पुस्तके घेऊन येतात. त्यांना कपाटापर्यंत जायला लागणारा वेळ एक, आणि पुस्तके खिडकीतून एकेक बाहेर द्यायला लागणारा वेळ दुसरा. पट्टीवरचा मोठा आकडा ह्या दुसऱ्या वेळाबद्दल सांगतो. पहिल्या वेळाबद्दल तो काहीच बोलत नाही.

पहिला वेळ सांगणारा आकडा निराळा असतो. त्याला सीएल म्हणतात आणि तो घड्याळाच्या ठोक्यांत मोजतात. प्रमाणित पट्ट्यांत २१३३ ला तो १५ असतो, २४०० ला १७, २६६६ ला १९ आणि ३२०० ला २२. वरवर पाहता ३२०० ची पट्टी अधिक वाट पाहायला लावते असे वाटेल. परंतु तिचा ठोकाही लहान असतो. १७ ठोक्यांना १२०० मेगाहर्ट्झने भागले की १४.१७ नॅनोसेकंद येतात, २२ ठोक्यांना १६०० ने भागले की १३.७५. २६६६ चे १४.२५ आणि २१३३ चे १४.०६. म्हणजे सगळे चौदाच्या आसपास! जुन्या डीडीआर३ मधील १६०० च्या पट्टीचा सीएल ११ होता. तिचेही उत्तर १३.७५ च येते. हा हिशेब मी कागदावर प्रथम केला तेव्हा बेरीज-भागाकार चुकला असावा असे वाटून पुन्हा केला होता. आकडे दुपटीने वाढले, नावे बदलली, जाहिराती बदलल्या. कपाटापर्यंत जायचा वेळ मात्र होता तेवढाच राहिला. त्या गळक्या घागरीतला इवलासा भार ओळखून वाचायला जो वेळ लागतो तो घड्याळ वाढवल्याने कमी होत नाही.

एका मागणीचा हिशेब करून पाहू. डीडीआर४ मेमरी एका मागणीला आठ खेपांत ६४ बाइट देते. २४०० च्या पट्टीला ह्या आठ खेपांसाठी ३.३३ नॅनोसेकंद लागतात, ३२०० च्या पट्टीला २.५. वाट पाहण्याचा वेळ त्यात मिळवला तर एकीकडे १७.५ आणि दुसरीकडे १६.२५ नॅनोसेकंद होतात. इतर विलंब येथे धरलेले नाहीत. ते धरले तर फरक आणखी पुसट होतो. आकड्यात तेहतीस टक्क्यांची वाढ आणि एकट्यादुकट्या मागणीच्या वेळात सुमारे सात टक्क्यांची घट, असा हा व्यवहार आहे. अर्थात मागण्यांची रांग लागलेली असेल तेव्हा खिडकीचा वेग महत्त्वाचा ठरतो, ते पुढे येईलच.

हे झाले पट्टीचे स्वतःचे बळ. परंतु ते वापरायचे की नाही हे पट्टी ठरवीत नाही. मेमरीशी बोलणारा नियंत्रक पूर्वी मदरबोर्डवर स्वतंत्र असे. एएमडीने २००३ साली आणि इंटेलने २००८ साली तो प्रोसेसरच्या आत नेण्यास प्रारंभ केला. तेव्हापासून वेगाची कमाल मर्यादा मुख्यतः प्रोसेसरच घालून देतो. उदाहरणार्थ, इंटेल कोअर आय५-७२००यू ची डीडीआर४ साठी मर्यादा २१३३ आहे, आय५-८२५०यू ची २४००, आय५-११३५जी७ ची ३२००. एएमडी रायझन ५ ३५००यू ची २४००, आणि रायझन ५ ५५००यू ची ३२००. लॅपटॉप सुरू होताच प्रत्येक पट्टीवरील एका बारीक चिपमधून तिची माहिती वाचली जाते. पट्टीला काय झेपते आणि प्रोसेसरला काय झेपते हे पाहून दोघांना मान्य असा वेग ठरतो. दोन पट्ट्या असतील तर त्यांतील मंद पट्टीच्या चालीने दोघींना चालावे लागते.

अर्थशास्त्रात आपण पूरक वस्तू शिकतो. गाडी आणि पेट्रोल, पेन आणि शाई. मेमरी आणि तिचा नियंत्रक ह्या अशाच वस्तू आहेत. आमच्या चुलत्यांच्या विहिरीवर जुनी दोन इंची पाइपलाइन आहे. तिच्यावर मोठी मोटर बसवावी असा सल्ला त्यांना कोणी तरी दिला होता. त्यांनी तो मानला नाही, कारण पाणी पाइपातून यायचे असते हे त्यांना शाळेत न जाताही ठाऊक होते. २४०० च्या मर्यादेच्या लॅपटॉपमध्ये ३२०० ची पट्टी घातली तर ती सहसा बिघडत नाही, बंद पडत नाही. २४०० नेच मुकाट्याने चालते. वरचे पैसे तेवढे वाया जातात.

माझ्याच लॅपटॉपचे उदाहरण देते. गेल्या वर्षी आईची भिशी लागली, त्या रकमेतून लेनोवो थिंकपॅड टी४८० हा २०१८ साली बाजारात आलेला लॅपटॉप आम्ही वापरलेला घेतला. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे ठाऊक असल्याने विंडोज ११ चालवू शकणारा आठव्या पिढीचा प्रोसेसर पाहून घेतला, आय५-८२५०यू. त्यात ८ जीबीची २४०० ची एक पट्टी होती आणि दुसरा स्लॉट रिकामा. मराठी टंकलेखन, ब्राउझरमध्ये दहा-बारा पाने आणि प्रकल्पासाठी जनगणनेचे मोठे तक्ते एकाच वेळी उघडले की तो गुदमरत असे. तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुकानात विचारले तेव्हा सांगण्यात आले की जुनी पट्टी काढून टाका, ३२०० ची १६ जीबीची नवी एकच पट्टी बसवा, ‘लेटेस्ट’ आहे. त्या पट्टीची किंमत आणि ८ जीबीच्या वापरलेल्या २४०० च्या पट्टीची किंमत ह्यांत माझ्या तीन आठवड्यांच्या मानधनाएवढा फरक होता. घरी ह्यावर मत देणारे कोणी नव्हते. आईने एवढेच विचारले, “जास्तीच्या पैशानं जास्तीचं काय होणार?” हा प्रश्न अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत शोभला असता. त्याचे उत्तर शोधता शोधता वरील हिशेब झाला.

आणि उत्तर नुसते ‘काही नाही’ असे नव्हते, उलट तोटाच होता. लॅपटॉपच्या प्रोसेसरला मेमरीकडे जाणारे सहसा दोन रस्ते असतात. त्यांना चॅनेल म्हणतात. एकच पट्टी बसवली तर एक रस्ता रिकामा पडून राहतो. सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या बसवल्या की दोन्ही रस्ते वाहतात. २४०० ची एक पट्टी सेकंदाला १९.२ गीगाबाइट देते, दोन मिळून ३८.४. ३२०० ची एकटी पट्टी, तिचा पूर्ण वेग मिळणाऱ्या यंत्रातही, २५.६ वर थांबते. म्हणजे दोन मंद बैल एका तडफदार बैलाहून अधिक ओढतात. माझ्या यंत्रात तर तो तडफदार बैलही २४०० च्याच चालीने चालला असता. मी ८ जीबीची दुसरी २४०० ची पट्टी घेतली. १६ जीबी झाली, दोन रस्ते झाले.

तथापि माझ्या मते ह्या सर्वांत पहिला क्रमांक वेगाचा नाही आणि चॅनेलचाही नाही. तो क्षमतेचा आहे. मेमरी पुरेनाशी झाली की विंडोज तिच्यातील काही भाग डिस्कवर ठेवून जागा करते आणि लागेल तेव्हा परत आणते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून एखादी गोष्ट आणायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे एक कोटी नॅनोसेकंद. एसएसडीला साधारण एक लाख नॅनोसेकंद. ज्या ठिकाणी १४ च्या जागी १३.७५ करण्यासाठी आपण पैसे मोजायला निघालो होतो, तेथे क्षमता अपुरी पडली तर लाखांची आणि कोटींची शिक्षा आहे. विंडोज ११ साठी ४ जीबी ही किमान अट असली तरी ती नुसती सुरू होण्याची अट आहे, काम करण्याची नव्हे. ४ जीबीच्या यंत्रात आणखी ४ जीबी घातल्यावर जो फरक पडतो तो डोळ्यांना दिसतो. ८ चे १६ केल्यावरही बहुधा दिसतो. १६ चे ३२ केल्यावर आपल्यासारख्यांना तो शोधावा लागेल. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकवताना आंब्याऐवजी हे उदाहरण घ्यायला हरकत नाही, असे मी आमच्या सरांना नम्रपणे सुचवू इच्छिते.

मग वेगाला काहीच किंमत नाही काय? असेही नाही. ज्या लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसते, त्यात चित्र रंगवणारा भाग मुख्य मेमरीच उसनी घेतो. त्याच्या मागण्यांची रांग अखंड असते. तेथे खिडकीचा वेग खरोखर जाणवतो. चित्रफितींचे संकलन करणाऱ्याने किंवा खेळ खेळणाऱ्याने रायझन ५ ५५००यू सारख्या यंत्रात ३२०० च्या दोन पट्ट्याच घालाव्यात. स्वस्त मिळते म्हणून तेथे २४०० ची पट्टी घातली तर जवळची चांगली पट्टीही तिच्याबरोबर खाली येते. म्हणजे नियम ‘लहान आकडा घ्या’ असा नसून ‘आपल्या यंत्राच्या मर्यादेएवढा घ्या’ असा आहे. मर्यादेहून मोठ्या आकड्याची पट्टी त्याच किमतीत किंवा स्वस्त मिळत असेल, आणि हल्ली ३२०० च्या बाबतीत असे होते, तर ती घ्यायला हरकत नाही. फक्त ती प्रमाणित ३२०० ची असावी. काही पट्ट्या खास सेटिंग लावले तरच जाहिरातीतला वेग देतात, आणि बहुसंख्य लॅपटॉपमध्ये ते सेटिंग लावण्याची सोयच नसते. अशा पट्ट्या मग खालच्या वेगावर बसून राहतात.

पिढीची गोष्ट मात्र वेगळी. तेथे तडजोड नाही. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२. खाचेची जागाही निरनिराळी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. जोर लावून बसवू नये, स्लॉट मोडतो. व्होल्टेजही घटत आले आहे. डीडीआर३एल चे १.३५, डीडीआर४ चे १.२, डीडीआर५ चे १.१. प्रोसेसरचे नाव पाहून पिढी ओळखू येईलच असे नाही. आय५-१२३५यू हा प्रोसेसर डीडीआर४ ही चालवतो आणि डीडीआर५ ही. कोणती चालेल ते त्या लॅपटॉपच्या बोर्डावर ठरते. ज्यांच्या पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डालाच झाळलेली आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच संपलेला असतो.

मेमरीचे भाव २०२५ च्या उत्तरार्धात जगभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या संगणककेंद्रांची मागणी हे त्याचे मोठे कारण. त्यामुळे वापरलेल्या पट्टीचा विचार करणे क्रमप्राप्त झाले आहे. अशी पट्टी घेताना लेबल नीट वाचावे. ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी’ अशा धर्तीचा मजकूर असतो. २४०० नंतरचा ‘टी’ म्हणजे सीएल १७. २६६६ नंतर ‘व्ही’ येतो, ३२०० नंतर ‘एए’. ‘१आरएक्स८’ ऐवजी ‘१आरएक्स१६’ असेल तर त्या पट्टीवर चिप संख्येने कमी असतात आणि तिची अंतर्गत विभागणीही निम्मी असते, त्यामुळे त्याच आकड्याची असूनही ती थोडी मागे पडते. दोन्ही समोर असतील तर पहिली उचलावी.

दुकानात जाण्यापूर्वी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्यात परफॉर्मन्सखाली मेमरी ह्या सदरात सध्याचा वेग आणि किती स्लॉट भरलेले आहेत हे दिसते. प्रोसेसरचे नावही तेथेच मिळते. उघडण्यापूर्वी चार्जर काढावा आणि बॅटरी तोडावी. टी४८० सारख्या यंत्रात आतली बॅटरी बायॉसमधून बंद करण्याची सोय आहे, ती आधी वापरावी. पट्टी तिरपी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या कड्या टक् आवाज करून बसतात. दुकानातच बसवून घेतली तर पैसे देण्याआधी टास्क मॅनेजर पुन्हा उघडून क्षमता आणि वेग पाहून घ्यावा, आणि बिलावर परतीची मुदत लिहून घ्यावी. तोंडी आश्वासन दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. त्या रात्री विंडोजमधील मेमरी डायग्नॉस्टिक लावून झोपावे. सकाळी एकही त्रुटी दाखवली नसेल तर पट्टी ठेवावी. एक जरी दाखवली, तरी मुदत संपण्याची वाट न पाहता ती त्याच दिवशी परत नेऊन द्यावी.